शिवसागराच्या पलीकडील कांठीं

प्रवासाची तयारी ही आपल्या घरांतील एक जुनी विद्याच आहे. दशम्या किती घ्याव्या, सुंठ-ओव्याची पुडी कोठें ठेवावी, हें वडीलधाऱ्या बायकांना कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु अलीकडे ज्यावांचून कोणी उंबरठा ओलांडीत नाहीं, त्या भ्रमणध्वनीची निवड मात्र आपण दुकानांत रंग आणि छायाचित्रें पाहून करतों. शहरांत तें खपून जातें. डोंगराआड गेल्यावर त्याच यंत्राची खरी परीक्षा होते. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही कोयनेच्या खोऱ्यांत गेलों होतों. त्या प्रवासांत जें पाहिलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

या प्रवासास एक निमित्तही होतें. आमच्या शेजारीं राहणारे एक गृहस्थ मूळचे त्याच खोऱ्यांतले. त्यांच्या मातोश्री अद्याप गांवीं एकट्या असतात, आणि त्यांना दम्याचा विकार आहे. आम्ही निघणार हें कळतांच ते म्हणाले, "वहिनी, आईसाठीं फोन घ्यायचा आहे. पण तिथें लागेल असा कोणता, तेवढें पाहून याल का?" म्हणून आम्हीं तीन यंत्रें बरोबर घेतलीं : एक बटणांचें साधें, एक मध्यम किंमतीचें, आणि एक परदेशांतून आणलेलें भारी किंमतीचें. निरनिराळ्या तीन कंपन्यांचीं सिमकार्डेंही घेतलीं.

साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून कासच्या पठाराकडे निघालें म्हणजे रस्ता जणू आभाळाच्या कडेनें चालूं लागतो. २०१२ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलेल्या या पठाराची ख्याति भाद्रपद-आश्विनांतील रानफुलांमुळें आहे. आम्ही गेलों तेव्हां गवत वाळून पिवळें पडलें होतें आणि काळा कातळ उघडा झाला होता. येथें तिन्ही यंत्रें उत्तम चाललीं. पुढें बामणोलीचा उतार लागला. पठाराची उंची सुमारें १,२०० मीटर, आणि भरलेल्या जलाशयाची पातळी ६५९ मीटर. म्हणजे ५०० मीटरांहून अधिक खालीं जावयाचें. पहिल्या कांहीं वळणांतच एक यंत्र मुकें झालें, अर्ध्या उतारावर दुसरें.

बामणोलीस होडींत बसल्यावर हा शिवसागर केवढा विस्तीर्ण आहे तें कळतें. कोयना, सोळशी व कांदाटी या तीन नद्यांचीं खोरीं त्यानें भरून टाकलीं आहेत. १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत पाणी अडलें, आणि नदीकांठचीं गांवें, शेतें, देवळें त्याच्या पोटांत गेलीं. कांहीं कुटुंबें दूरच्या जिल्ह्यांत वसलीं, कांहीं वरच्या उतारावर सरकलीं. कर्तीं माणसें मुंबईस आणि म्हातारीं माणसें गांवीं, अशी स्थिति येथें घरोघर दिसते.

पश्चिमेस वासोट्याचा कडा उभा आहे. शिवाजी महाराजांनीं या गडास व्याघ्रगड हें नांव दिलें. दुसऱ्या बाजीरावानें साताऱ्याच्या छत्रपतींच्या परिवारास येथेंच ठेविलें होतें, आणि १८१८ च्या एप्रिलांत इंग्रजांनीं शेजारच्या जुन्या वासोट्यावरून तोफा डागून गड घेतला. माणसाची बातमी बाहेर जाऊं नये, यासाठीं याहून सोईची जागा शोधून सांपडली नसती. आतां हें सर्व रान कोयना अभयारण्यांत मोडतें. त्या रानांत शिरल्यावर आमच्या तिन्ही यंत्रांनीं मौन धरलें, तें परत होडींत येईपर्यंत सोडलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्यांच्या वाडीवर गेलों. आजींनीं आम्हांस ओटीवर बसविलें, गुळाचा चहा दिला, आणि फोनाचा विषय निघतांच हंसून म्हणाल्या, "लेकाचा आवाज ऐकायचा तर सड्यावर जावं लागतं, बाई. माझं गुडघं आता चढत न्हाईत." वाडीच्या वर अर्ध्या तासाच्या चढणीवर एक मोठा दगड आहे, त्यास सारे 'रेंजचा दगड' म्हणतात. मागल्या पावसाळ्यांत एका गड्यास सर्प चावला, तेव्हां त्याचा पुतण्या रात्रीं बॅटरी घेऊन त्या दगडापर्यंत धांवत गेला, मगच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका पलीकडच्या कांठीं आली. गडी वांचला. पण तो अर्धा तास कोणाच्याही काळजांतून जात नाहीं.

आम्हीं आजींच्या अंगणांतच परीक्षा मांडली. प्रत्येक सिमकार्ड प्रत्येक यंत्रांत घालून पाहिलें. दोन कंपन्यांचा मागमूस कोठेंही लागला नाहीं. तिसरीचा क्षीण संदेश मध्यम किंमतीच्या यंत्रांत आला. सर्वांत भारी यंत्रांत मात्र आला नाहीं. किंमतीचा क्रम येथें साफ उलटा पडला. याचें कारण समजून घेण्याजोगें आहे.

मनोऱ्यावरून येणाऱ्या लहरी एकाच जातीच्या नसतात. ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ सेंटिमीटर, २१०० ची चौदा, ९०० ची तेहेतीस, तर ७०० ची सुमारें त्रेचाळीस सेंटिमीटर भरते. लांब लहर डोंगराच्या धारेवरून थोडी वळून पलीकडे उतरते, झाडींतून व भिंतींतून कमी थकून पुढें जाते. आंखूड लहर पुष्कळ मजकूर वाहून नेते, परंतु आडोसा आला कीं थांबते. म्हणून शहरांतील वेगवान ५जी हें खोऱ्यांतील माणसाच्या उपयोगाचें असतेंच असें नाहीं. या लहरींच्या पट्ट्यांना क्रमांक आहेत. ४जी मध्यें ५ क्रमांकाचा पट्टा ८५० चा, ८ क्रमांकाचा ९०० चा, आणि २८ क्रमांकाचा ७०० चा. एअरटेल व व्हीआय यांच्याकडे ८ क्रमांकाचा, जिओकडे ५ क्रमांकाचा, आणि बीएसएनएलच्या नव्या ४जी साठीं २८ व १ हे पट्टे आहेत. जिओचें सारें संभाषण ४जी-५जी वरच चालत असल्यामुळें, त्यासाठीं यंत्रांत व्होएलटीई असणें अवश्य आहे. आमच्या परदेशी यंत्रांत २८ क्रमांकाचा पट्टाच नव्हता. तेव्हां तें बोलणार कोठून?

यावरून निवडीचा क्रम ठरतो. प्रथम गांवांत कोणाचा मनोरा पोंचतो तें पाहावें. मग त्या कंपनीचा लांब लहरींचा पट्टा यंत्राच्या माहितीपत्रकांत आहे कीं नाहीं तें वाचावें. आणि किंमत शेवटीं पाहावी. दोन सिमकार्डांचें यंत्र घेऊन त्यांत दोन भिन्न कंपन्या ठेवाव्या. पडद्यावरील उभ्या रेघांवर फार विसंबूं नये. त्यांचें माप प्रत्येक यंत्रांत वेगळें असतें. खरें माप 'डीबीएम' मध्यें मिळतें, व बहुतेक यंत्रांत सिमकार्डाच्या माहितीखालीं तें दिसतें. ४जी मध्यें उणे ९० चांगलें, उणे ११० दुबळें, उणे १२० म्हणजे जवळजवळ नाहींच. दर दहा अंकांस शक्ति दशांश होते, हें लक्षांत ठेवावें.

आणखी दोन-तीन गोष्टी. रेंज शोधीत राहणारें यंत्र आपली बॅटरी लवकर संपवितें. म्हणून रानांत तें विमानप्रवासाच्या स्थितींत ठेवावें. नकाशे घरींच उतरवून घ्यावे, कारण उपग्रहांवरून जागा कळण्यास मनोरा लागत नाहीं. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ लावून पाहावा; दुसऱ्या कोणाचा मनोरा जवळ असल्यास तो लागूं शकतो. रेंज वाढविणारीं यंत्रें बाजारांत विकत मिळतात, परंतु परवान्यावांचून तीं बसविणें हा गुन्हा आहे, आणि शेजाऱ्यांच्या रेंजेसही त्यांनीं बाध येतो.

आजींच्या घरांत सर्वत्र हिंडून पाहिलें, तेव्हां माजघरांत उणे १२१ आणि पूर्वेच्या खिडकींत उणे १०८ असा अंक आला. त्या बाजूस डोंगराच्या रांगेंत एक खिंड आहे. मध्यम किंमतीचें यंत्र त्या खिडकींतील फळीवर ठेवलें, मुंबईस लावलें, आणि ध्वनिवर्धक चालूं केला. पलीकडून "आई, जेवलीस का?" असा शब्द आला. आजींनीं उत्तर देण्याआधीं पदरानें डोळे पुसले. तें यंत्र आम्हीं तेथेंच ठेवून आलों. त्याचे पैसे शेजाऱ्यांनीं पुढें आग्रहानें दिले.

परंतु प्रत्येक घरास अशी खिडकी नसते. कोयनेच्या विजेनें अर्धशतकाहून अधिक काळ महाराष्ट्राचे दिवे लागत आहेत, आणि ज्यांच्या शेतांवरून तें पाणी पसरलें त्यांना आजही एका शब्दासाठीं डोंगर चढावा लागतो. यंत्राची निवड आपल्या हातीं आहे, ती आपण डोळसपणें करूं. मनोऱ्याची मागणी मात्र त्या खोऱ्यांतील मंडळींनीं एकट्यांनीं कां करावी? त्यांच्या विजेवर वाढलेल्या आपण शहरवासीयांनींही तिला आपला आवाज दिला पाहिजे.