फोटोंची दाखल नोंद: मेमरी कार्डातून संगणकात

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आज एक छोटा प्रयोग करून बघा. शाळेच्या नाहीतर घरच्या संगणकात ‘न्यू फोल्डर’ नावाचं एखादं फोल्डर असेलच. त्यातला ध्वजवंदनाचा कोणताही एक फोटो उघडा आणि सांगा, हा कोणत्या दिवसाचा आहे?

आपल्या बीड जिल्ह्यात आणि सगळ्याच मराठवाड्यात हा प्रश्न जरा अवघड आहे. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मे हे तर आहेतच. शिवाय १७ सप्टेंबर, आपला मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली या दिवशी निजामाची राजवट संपली, म्हणून आपण त्या दिवशीही झेंडा लावतो. म्हणजे वर्षातून चार वेळा तोच खांब, तोच झेंडा, तेच गणवेश. असे पाच वर्षांचे वीस कार्यक्रम एकाच फोल्डरात पडले, तर कोणता कोणता हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आपल्याकडे जनरल रजिस्टर असतं. मूल शाळेत आलं की त्याच दिवशी नाव, जन्मतारीख, गाव, दाखल दिनांक लिहिला जातो. एकदा दिलेला रजिस्टर नंबर पुन्हा दुसऱ्याला दिला जात नाही. चाळीस वर्षांनी कोणी दाखला मागायला आलं तरी पान सापडतं. मला वाटतं, कॅमेऱ्याच्या कार्डातून फोटो संगणकात घेणं हे असंच दाखल करून घेण्याचं काम आहे. ते त्याच दिवशी झालं तर दहा मिनिटांचं असतं. तीन वर्षांनी करायला बसलात तर होतच नाही, कारण तोवर आठवण गेलेली असते.

कॅमेरा काय लिहितो, काय लिहीत नाही

कार्ड संगणकाला लावलं की आत डीसीआयएम नावाचं फोल्डर दिसतं. ‘डिजिटल कॅमेरा इमेजेस’ याचं ते लघुरूप. त्यातल्या फोटोंची नावं साधारण चार अक्षरं आणि चार आकडे अशी असतात. आकडे चारच असल्यामुळे ९९९९ झाले की कॅमेरा पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. म्हणजे आपल्या रजिस्टरच्या अगदी उलट, जुनाच नंबर नव्या फोटोला! दोन शिक्षकांचे दोन कॅमेरे असतील तर एकाच नावाचे दोन फोटो पहिल्या दिवशीही निघू शकतात. ते एका फोल्डरात टाकताना संगणक विचारतो, ‘जुन्याच्या जागी नवा ठेवू का?’ घाईत ‘हो’ दाबलं की जुना गेला.

नावात काही नसलं तरी फोटोच्या पोटात बरंच असतं. तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल अशी माहिती फोटोबरोबरच साठवली जाते. तिला एक्झिफ म्हणतात. ही पद्धत १९९५ साली जपानमध्ये ठरली आणि आज मोबाईलही तीच वापरतो. पण ती तारीख कॅमेऱ्याच्या घड्याळावरून येते. कॅमेरा बरेच दिवस बॅटरीशिवाय कपाटात पडला तर ते घड्याळ मागे जातं आणि मग शंभर फोटोंवर एकच चुकीचं साल बसतं. म्हणून कार्यक्रमाच्या सकाळी आधी कॅमेऱ्यातली तारीख बघा.

आणि कॅमेरा एक गोष्ट कधीच लिहीत नाही: फोटोत कोण आहे, आणि प्रसंग कोणता होता. ते आपणच लिहायचं असतं.

क्रम असा ठेवा

पहिलं, कार्डाच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो लॉकच्या बाजूला सरकवा. मग संगणकाकडून चुकूनही काही पुसलं जात नाही. मोबाईलच्या छोट्या कार्डाला हा खटका नसतो, पण ते ज्या अडॅप्टरमध्ये बसवतो त्याला असतो. कार्ड परत कॅमेऱ्यात घालताना खटका उघडायची आठवण ठेवा.

दुसरं, कट करू नका, कॉपी करा. आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. कॉपी अर्धवट राहिली तर कार्डात सगळं शाबूत असतं, पुन्हा सुरुवात करता येते.

तिसरं, फोल्डर. बाहेरचं फोल्डर शैक्षणिक वर्षाचं करा, कारण आपली सगळी दप्तरं जून ते मे अशीच चालतात. आत प्रत्येक कार्यक्रमाचं वेगळं फोल्डर, आणि नावात आधी साल, मग महिना, मग दिवस. उदाहरणार्थ, ‘२०२३-०९-१७ मुक्तिसंग्राम दिन ध्वजवंदन’. आपल्या नेहमीच्या सवयीने १७-०९-२०२३ लिहिलं तर सगळ्या महिन्यांच्या सतरा तारखा एकत्र येतात आणि क्रम बिघडतो. साल आधी लिहिलं की फोल्डर आपोआप ओळीने लागतात. नाव मराठीत दिलं तरी चालतं, फक्त आकडे सगळीकडे एकाच लिपीतले ठेवा.

चौथं, फोटोंची नावं. सगळे फोटो एकदम निवडून रिनेम केलं तर संगणक स्वतःच क्रमांक घालतो. ‘२०२३-०९-१७ ध्वजवंदन’ एवढं दिलं की पुरे. मग तो फोटो फोल्डरातून बाहेर पडला तरी हरवत नाही.

पाचवं, त्याच फोल्डरात नोटपॅडची एक फाईल, नाव ‘माहिती’. चार ओळी लिहा. पाहुणे कोण होते, कोणते वर्ग होते, गटाच्या फोटोत डावीकडून उजवीकडे कोण बसलंय.

सहावं, दुसरी प्रत. बाहेरच्या हार्ड डिस्कवर नाहीतर पेन ड्राइव्हवर, आणि ती त्याच कपाटात नको. दोन्हीकडे फोटोंची संख्या सारखी आहे का बघा, चार-दोन उघडून बघा. एवढं झालं की मगच कार्ड मोकळं करा, तेही कॅमेऱ्यात घालून, कॅमेऱ्याच्याच फॉरमॅटने.

हे सगळं कशासाठी?

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कोण करणार? अहवालासाठी दोन फोटो लागतात, ते ग्रुपवर असतातच की! ग्रुपवर असतात, पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि पोटातली माहिती गळून जाते. अँड्रॉइड मोबाईलमध्ये सेव्ह झालेल्या अशा फोटोच्या नावात तारीख दिसते, पण ती काढल्याची नसते, आल्याची असते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एक आई आल्या होत्या. मुलगी आता सहावीत. वडील उसाच्या हंगामातच वारले होते. त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “सर, हिच्या बापाचा एखांदा फोटो असंल का तुमच्याकडं? आधार कार्डावर हाय, पण त्यात ते वळखूच येत न्हाईत.”

मी विचारलं, “ताई, ते शाळेत कधी आले होते, आठवतं का?”

“ही पहिलीला व्हती. झेंड्याला आले व्हते. दसऱ्याच्या आधी. मंग आम्ही कारखान्याला गेलो.”

साल ठाऊक नव्हतं, तारीख ठाऊक नव्हती. पण मुलगी पहिलीला कधी होती हे रजिस्टर सांगतं. दसऱ्याआधीचे झेंडे दोनच, १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर. म्हणजे दोन फोल्डर उघडायची होती. सप्टेंबरच्या फोल्डरात, लिंबाच्या झाडाखाली पालकांच्या रांगेत, ते पांढरी टोपी घालून उभे होते. बोट धरून मुलगी. फोटो त्यांचा काढलेलाच नव्हता, कवायतीचा होता. ताईंनी स्क्रीनला हात लावला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मुलीने मात्र लगेच विचारलं, “ही मी हाय का?”

तालुक्याच्या स्टुडिओतून मोठी प्रिंट काढून दिली. मूळ फोटो कॉपी केलेला होता म्हणून ती स्वच्छ आली.

आपल्या जिल्ह्यात अशी किती घरं आहेत, ते तुम्हाला मी सांगायला नको. दसरा झाला की कोयते निघतात आणि कारखाने बंद होईपर्यंत परत येत नाहीत. काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापाबरोबर कोपीवर जातात. एका वर्षाचे फोटो तारखेने लावून बघा. सप्टेंबरात मुलांच्या तीन रांगा दिसतील, जानेवारीत दोन. कोण गेलं, कोण परत आलं, हे त्या क्रमातच दिसतं. या घरांमध्ये लग्नाचा एखादा फोटो सोडला तर दुसरा नसतो. लेकराचं लहानपण कुठे असेल तर ते शाळेच्या संगणकात.

म्हणूनच एक काळजीही घ्या. नावांची ‘माहिती’ फाईल शाळेबाहेर जाऊ देऊ नका. मुलांचे फोटो नावासकट जाहीर टाकण्याआधी पालकांना विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे.

पालकहो, घरीही हेच करता येईल. जावळ, जत्रा, बहिणीचं लग्न, ज्या दिवशी फोटो काढले त्याच रात्री तारीख घालून ठेवा. आजीला शेजारी बसवा आणि कोण कोण आहे ते तिच्याकडून लिहून घ्या.

जुना ढीग आत्ताच आवरायला बसू नका, कंटाळून सोडून द्याल. येत्या कार्यक्रमापासून सुरुवात करा. मोठ्या वर्गातली दोन मुलं सोबत घ्या. नावं टाकायचं काम ती हौसेने करतात, आणि कोण कुठे उभं आहे हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.