वाकणारा रॉड, सुटणारी दोरी

इंग्लंडमधल्या मासेमारीच्या दुकानात कार्पसाठी ठेवलेला कुठलाही रॉड उचला. मुठीच्या जरा वर बारीक अक्षरांत दोन आकडे सापडतील: १२ फूट, ३ पाउंड. पहिला लांबीचा. दुसऱ्याला टेस्ट कर्व्ह म्हणतात. मूठ पक्की धरून टोकाला वजन वाढवत नेलं, तर ज्या वजनाला टोक मुठीशी काटकोनात येतं, ते वजन म्हणजे हा आकडा. रॉड केवढा मासा पेलेल ते यावरून कळत नाही. नवा माणूस मात्र तो तसाच वाचतो, मोठ्या माशाची स्वप्नं घेऊन आलेला असतो, आणि साडेतीन पाउंडी रॉड घेऊन बाहेर पडतो. माझ्या मते पहिला रॉड अडीच, फार तर पावणेतीन पाउंडांचा असावा.

*

वेल्सच्या सीमेलगत हेरफर्डशायरमध्ये रेडमायर नावाचं छोटंसं तळं आहे. १९५२च्या सप्टेंबरमध्ये रिचर्ड वॉकर यांनी तिथे रात्री ४४ पाउंडांचा, म्हणजे जवळजवळ २० किलोचा कार्प काढला. एवढा कार्प ब्रिटनमध्ये तोवर कुणी गळाने धरला नव्हता. तो त्यांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला दिला आणि १९७१पर्यंत तो तिथल्या मत्स्यालयात जगला. रॉड वॉकर यांनी स्वतःच बेतलेला, मार्क फोर नावाचा. बांबूच्या चिरफळ्या तासून, चिकटवून केलेला, १० फुटी. टेस्ट कर्व्ह दीड पाउंड.

दीड पाउंडाच्या बांबूने ४४ पाउंडांचा मासा कसा आला? रॉड वाकत राहिला म्हणून. मासा धाव घेतो तेव्हा तिचा जोर रॉडच्या बाकात मुरतो, दोरीवर आणि गळावर एकदम येत नाही. आणि बाक पुरा झाला की पुढचं काम रिळाचं, दोरी सोडण्याचं. रॉड आणि रीळ निवडताना हे दोनच प्रश्न: हा कसा वाकतो, आणि ते कसं सोडतं.

*

मग ताठ रॉड बनतात कशाला? लांब फेकायला. एका पाउंड टेस्ट कर्व्हमागे साधारण एक औंस शिसं नीट फेकता येतं, असा जुना हिशेब आहे. पावणेतीन पाउंडी रॉडला पावणेतीन औंस, म्हणजे ७८ ग्रॅमच्या आसपास. शंभर मीटरच्या पलीकडे चार औंसाचं शिसं टाकायचं तर ताठ रॉड लागणारच. पण नवशिक्याचा कार्प शंभर मीटरवर नसतो. बोरूच्या कडेला, वाकलेल्या विलोखाली, वारा ज्या काठाला लागतो त्या काठाशी तो अन्न शोधत फिरतो. पुष्कळ जण त्याच्या डोक्यावरून पलीकडे शिसं फेकतात.

ताठ रॉडची खरी अडचण जाळ्याजवळ येते. मासा पायापाशी आलेला, दोरी जेमतेम दोन-तीन मीटर उरलेली, त्यामुळे तिला ताण खायला वावच नाही. अशा वेळी त्याने शेवटची डुबकी मारली आणि टोक लवलं नाही, तर गळ ओठातून निसटतो.

*

माझा भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडमधल्या रेडिंगला राहायला गेला. तिथे आजूबाजूला खडी काढून उरलेल्या खाणींची मोठमोठी तळी झाली आहेत, आणि त्यांत कार्प आहेत. दुकानातून त्याचा फोन: "मामा, रीळ केवढं घेऊ? इथे दहा हजार, चौदा हजार असे आकडे आहेत." ते आकडे आकाराचे. १४०००ची थोराड रिळं लांब फेकणाऱ्यांसाठी. सहा हजारांच्या घरातलं रीळ सुरुवातीला भरपूर होतं. त्यात ०.३३ मिलिमीटरची, १२ ते १५ पाउंडांची तंगुसाची दोरी अडीचशे मीटर बसली की झालं.

आकड्यापेक्षा क्लच, म्हणजे दोरी किती ताणाला सुटावी ते ठरवणारा भाग, महत्त्वाचा. मी गेलो तेव्हा दिवाणखान्यातच पाहिला. रॉड जोडून दोरी कड्यांतून ओवली, तिचं टोक त्याच्या हाताला गुंडाळलं आणि म्हटलं, आता चालत स्वयंपाकघरात जा. पहिल्या पावलाला रॉड वाकला, दुसऱ्या पावलाला स्पूल फिरू लागलं. कान देऊन ऐकायचं: टिकटिक एकसारखी आली पाहिजे. स्पूल अडून मग झटक्याने सुटलं, तर त्याच झटक्याला दोरी तुटते. क्लच थोडा घट्ट करून पुन्हा चालवलं, मग पळवलं. तीन चाली, तिन्हींत टोक एका उंचीवर थरथरत राहिलं. रीळ चांगलं निघालं. दुकानातही हे करता येतं, आणि चांगला दुकानदार त्याला हरकत घेत नाही.

*

आता बेटरनरबद्दल. शिमानो कंपनीने १९८०च्या दशकात हे रीळ आणलं, आणि कार्पवाल्यांचं सगळं बसणंच बदललं. मागच्या बाजूची कळ दाबली की स्पूल जवळपास मोकळं होतं; हँडल फिरवलं की पुढचा क्लच पुन्हा लागू. हल्लीच्या मांडणीत जड शिशामुळे गळ ओठात आपोआप रुततो आणि मासा दचकून सुसाट सुटतो. क्लच घट्ट असेल तर स्टँडवरचा रॉड सरळ पाण्यात जातो. अनुभवी लोक पुढचाच क्लच सैल ठेवून भागवतात. नव्या माणसाने कळवालं रीळ घ्यावं. अपरात्री मासा लागल्याचा अलार्म वाजल्यावर झोपेतल्या हाताला हँडल फिरवणं जमतं, क्लचची चकती किती पिळायची ते आठवत नाही.

*

स्पूल काठाच्या एक-दोन मिलिमीटर खालपर्यंत भरा. कमी भरलं तर दोरी काठाला घासून फेक आखूड पडते, जास्त भरलं तर वेटोळीच्या वेटोळी एकदम सुटतात. भरताना दोरी ओल्या फडक्याच्या चिमटीतून ताणात जाऊ द्या.

*

दोन रॉड पुरे. इंग्लंडमध्ये तेरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला सरकारी परवाना लागतो. साधा परवाना दोन रॉडचा, तिसऱ्यासाठी वेगळा. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून बंदी असते. बहुतेक तळी त्यातून सुटलेली, पण प्रत्येक तळ्याचे नियम निराळे, ते फाटकावर वाचावेत.

*

लांबीचा विचार गाडी आहे की नाही यावर करा. बारा फुटी रॉडचे दोन तुकडे, प्रत्येकी सहा फुटांचे. ट्रेनच्या दारातून, बसच्या जिन्यावरून ते नेताना जीव जातो. दहा फुटी रॉड झाडांखाली वावरायला सोपा, आणि पन्नास-साठ मीटरपर्यंत काही उणं पडू देत नाही.

*

जुना रॉड मिळत असेल तर जरूर घ्या. कार्बनचा चांगला रॉड वीस-वीस वर्षं टिकतो. फक्त दोन गोष्टी तपासा. कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. अस्तराला केसाएवढी चीर असली तरी तंतू अडकतो, आणि ती चीर दोरी कापत राहते. दुसरं, सांधा. खुंटीचा सांधा असेल तर जोडल्यावर दोन तुकड्यांच्या मध्ये थोडी फट दिसायला हवी. फट उरलेली नसेल तर खुंटी झिजली आहे, फेकताना वरचा तुकडा ढिला होईल.

*

वाचलेल्या पैशातून ४२ इंची जाळं आणि मासा ठेवायला जाड गादी घ्या. ही खरेदी पुढे ढकलू नका. इंग्लंडमध्ये कार्प परत पाण्यात सोडतात, आणि तोच मासा पुढे वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गळाला लागतो. गादी भिजवून घ्यायची, हात ओले करायचे, मासा धरून उभं राहायचं नाही. गुडघ्यांवर बसूनच फोटो. सुक्या गवतावर तडफडणारा, खवले निघालेला मासा पाहिला की मला त्या माणसाच्या भारी रॉडचं काही कौतुक राहत नाही.

*

भाच्याने विचारलं, हाच रॉड सुट्टीत गावी आणू का? जरूर आण. आपले रोहू, कटला, मृगळ हे कार्पच, आणि धरणांतला सायप्रिनस तर तिथलाच कार्प. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी चरतात, त्यांना तिकडची शिशाची मांडणी जशीच्या तशी चालते. आमिषाला भिजवलेली पेंड किंवा कणकेचा गोळा. रोहू बहुधा मधल्या पाण्यात. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो. त्याच्यासाठी शिसं काढून तरंगा लाव, गळ हात-दीड हातावर सोड, आणि अर्धा तास ओढ आली नाही तर खोली बदल. अडीच पाउंडी रॉडला यातलं काही जड नाही. फक्त येताना तीन-चार तुकड्यांचा घे, विमानाच्या सामानात सहा फुटी नळकांडं नेणं त्रासाचं.