समुद्राच्या बदल्यात किल्ला

माझी भाची पुण्याहून सुटीला अकोल्याला आली ती अंदमानची यादी घेऊनच. हॅवलॉकवर, म्हणजे आजच्या स्वराज द्वीपावर, राधानगरचा किनारा पक्का झाला होता. नील बेटावर भरतपूर घ्यायचं की लक्ष्मणपूर, यावर मैत्रिणींशी खल चालला होता. पोहायला कुठला बरा, सूर्यास्त कुठून दिसतो, सावली कुठे मिळते, सगळं निगुतीनं तपासत होती. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला. वाळ्याच्या कूलरमध्ये पाणी ओतता ओतता ती सहज म्हणाली, "मामा, आपल्या वऱ्हाडाला समुद्र कधी नव्हताच ना? म्हणून एवढं लांब जावं लागतं."

होता, मी म्हणालो. बावन्न वर्षं होता.

1751 मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दी खान यानं नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांशी तह केला आणि सुवर्णरेखा नदीपर्यंतचा ओडिशा मराठ्यांकडे आला. इंग्रजांच्या कागदांत या भोसल्यांना 'बेरारचे राजे' म्हटलेलं आहे. बेरार म्हणजे आपलं वऱ्हाड. बालेश्वर, कटक, पुरी हा सगळा किनारा त्यांच्या अमलाखाली होता. जगन्नाथाच्या सिंहद्वारापुढचा अरुणस्तंभ कोणार्कहून आणून उभा केला तो याच काळात. त्या राज्याची दुसरी बाजूही लपवू नये: बंगालमध्ये भोसल्यांच्या बारगीरांची आठवण लुटीचीच आहे. पण आज पुरीच्या वाळूत ज्या ठिकाणी माणसं पाय भिजवतात, त्या किनाऱ्याचा कारभार नागपुरातून चालत होता, हे खरं. आणि तो हातचा गेल्याचा निकाल लागला तो आपल्याच मातीत, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांच्या उत्तरेला, सातपुड्याच्या कुशीत.

भाचीची बेटं तिच्याकडे राहिली. मी गाडी काढली ती अकोटच्या रस्त्याला.

अकोल्याहून उत्तरेला निघालं की पूर्णेचं खोरं लागतं आणि खारपाणपट्टा सुरू होतो. अकोला, अमरावती, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. पूर्वी इथल्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठही काढत. पुढे अकोटकडे सातपुड्याचा पायथा जवळ येतो, तसं पाणी गोडं होतं, केळी दिसू लागतात. अंजनगाव सुर्जीच्या बाजूला पानपिंपळीचे मळे आहेत. शेवऱ्यांवर चढवलेले वेल, त्यांच्याखाली ओल धरून ठेवलेली काळी माती आणि बाहेर रणरणतं ऊन. मळ्यात पाऊल टाकलं की अंगावरचा उकाडा उतरतो.

त्याआधी अडगाव गाठलं. तेल्हारा तालुक्यातलं हे गाव. इथे 29 नोव्हेंबर 1803 रोजी दुपार कलल्यावर लढाई सुरू झाली. असईत इंग्रजांकडून मराठ्यांचा पराभव होऊन दोन महिने उलटले होते. भोसल्यांचं सैन्य दुसऱ्या रघूजींचे बंधू व्यंकोजी भोसले चालवत होते, शिंद्यांचे घोडेस्वार जोडीला होते. मराठ्यांच्या तोफा अशा धडाडल्या, की असईत टिकून लढलेल्या इंग्रजांच्या तीन पलटणी पाठ फिरवून पळाल्या. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली स्वतः पुढे झाला, त्यांना थोपवून पुन्हा रांगेत उभं केलं आणि लढाई फिरली. पाठलाग चांदण्यात चालू राहिला. आज तिथे मैलोगणती नांगरून पडलेली शेतं आहेत. ढेकळं उन्हानं इतकी तापलेली, की चपलेतून चटका लागत होता. ड्रायव्हर म्हणाला, "इथं पाहाले काहीच नाही जी. चाला, शेगावले जाऊ." मी तिथेच थांबलो. सपाट रानात, आडोसा नसताना, समोरून गोळे येत असताना माणूस का पळतो, हे त्या रानात उभं राहिल्यावर कळतं.

नरनाळा किल्ला वाटेतच होता, तोही पाहिला. शहानूरहून वर चढलं की 1487 चा शिलालेख असलेला महाकाली दरवाजा येतो. फत्तेउल्ला इमादउल्मुल्कनं बांधलेला. नऊगजी तोफ पाहिली आणि शक्कर तलावाच्या काठावर झाडाखाली बसलो. सातपुड्यातले हे किल्ले पाण्यावर जगले. पावसाळ्यात वाहून जाणारं पाणी डोंगरमाथ्यावर बांध घालून अडवायचं आणि वर्षभर पुरवायचं, ही विद्या इथे पक्की होती. उन्हाळ्यात वऱ्हाडाला बसायला काठ हवा असेल, तर तो या तळ्यांचा.

परतवाड्यामार्गे चिखलदरा गाठला. उंची 1118 मीटर, त्यामुळे हवा अंगाला लागली. पण मुक्कामाची निराशा झाली. मे महिन्याचा भाव दुप्पट आणि नळाला पाणी नाही; सकाळी एक बादली दाराशी आली. डोंगरावर एवढ्या गर्दीची सोय करताना आधी पाण्याचा हिशेब मांडायला हवा. शेजारच्या गाविलगडावर तो पाच-सहाशे वर्षांपूर्वी मांडलेला होता.

भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल, हरिकेन पॉइंट हे सगळं एका सकाळी उरकलं. इथली कॉफी प्यायलो. चित्त गाविलगडावर लागलं होतं.

फिरिश्ता सांगतो, की बहमनी सुलतान अहमदशाहानं अचलपूरला तळ दिला असताना 1425 च्या सुमारास गाविलगड बांधला आणि नरनाळा दुरुस्त केला. लोक म्हणतात, त्याच्या कितीतरी आधी गवळ्यांचा गड होता, नावच तसं आहे. मला लोकांचं म्हणणं पटतं. फिरिश्ता विजापुरात बसून पावणेदोनशे वर्षांनी लिहीत होता. आणि गुरं राखणारी माणसं डोंगरावर पाणी कुठे साचतं ते सुलतानाच्या स्थपतीच्या आधी हेरतात. गडाच्या दरवाजावरचं शिल्प मात्र फत्तेउल्लाच्या काळाची ओळख देतं: दोन तोंडांचा गंडभेरुंड, हत्ती, शार्दूल. विजयनगरच्या मुलखातून लहानपणी पकडून आणलेला हा ब्राह्मण मुलगा पुढे वऱ्हाडचा सुलतान झाला. चोचीची रेघ बोटानं चाचपता येते, इतकं ते कोरीव काम अजून ताजं आहे.

इंग्रजांनी हा गड घेतला तो 15 डिसेंबर 1803 रोजी. नाव वेलस्लीचं झालं, खरे कष्ट कर्नल स्टीव्हन्सनचे. वेलस्लीच्या तोफा दक्षिणेकडून काही करू शकल्या नाहीत. स्टीव्हन्सननं डोंगराला वळसा घालून, जंगलात रस्ता फोडत, माणसांच्या बळावर जड तोफा उत्तरेच्या लवाडा गावाकडे ओढून नेल्या. बाहेरच्या कोटाला खिंडार पडलं, पण आतला कोट शाबूत होता आणि मध्ये खोल घळ. कॅप्टन कॅम्बेल शिड्या लावून पलीकडच्या कड्यानं चढला, आतून दरवाजा उघडला आणि गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. त्या घळीच्या तोंडाशी मी बराच वेळ उभा होतो. वर येणाऱ्यांना एकेक दगड नेम धरून टाकता येईल अशी ती जागा. इतका भक्कम गड एका सकाळीत जातो, याचं दुःख आजही होतं.

दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, देवगावच्या छावणीत तह झाला. भोसल्यांनी बालेश्वरासह कटक प्रांत सोडला, वर्धेच्या पश्चिमेचं वऱ्हाड सोडलं.

यावर अचलपूरच्या एका निवृत्त इतिहास-प्राध्यापकांशी माझा चांगलाच वाद झाला. ते म्हणाले, "समुद्र इथे गेला असं म्हणू नका. बाराबती किल्ला ऑक्टोबरमध्येच पडला होता. कर्नल हारकोर्टनं कटक घेतलं, तेव्हाच किनारा गेला. इथे फक्त सही झाली." मी म्हणालो, सर, मुलूख ताब्यातून जाणं वेगळं आणि हक्क सोडणं वेगळं. गाविलगड उभा असता तर भोसल्यांचे वकील यशवंतराव रामचंद्र यांच्या हाती बोलायला काही उरलं असतं. सरांनी कपाटातून तहाचा मसुदा काढला आणि चौथ्या कलमावर बोट ठेवलं. नरनाळा आणि गाविलगड भोसल्यांना परत दिले आहेत, आणि पुढच्या कलमात त्यांच्या खालचा चार लाखांचा मुलूखही. "आता सांगा," ते म्हणाले, "ज्या गडासाठी एवढी माणसं मेली, तो इंग्रजानं परत का दिला?"

उत्तर त्यांच्याच प्रश्नात होतं आणि तिथे आमचं एकमत झालं. इंग्रजांना गड नकोच होता. कलकत्ता आणि मद्रास यांच्यामधला किनारा हवा होता. गड घेतला तो समुद्र मागण्यासाठी, आणि समुद्र मिळाल्यावर गड सोडून दिला. 1853 मध्ये वऱ्हाडच त्यांच्या हाती आलं, आणि 1858 मध्ये गडाची तटबंदी पाडून तो निकामी केला.

सेमाडोह, कोलकास असा पुढचा बेत होता. तो सोडून दिला आणि पुन्हा गडावर गेलो. मच्छी तलावाच्या काठावर पाणी बरंच खाली गेलेलं, गाळाला भेगा पडलेल्या, पण मध्यावर अजून साठा होता. गड पाडणाऱ्यांनी तट फोडले, तलाव राहिले. दुपारभर तिथून हलावंसं वाटलं नाही.

उतरताना देवगावचा रस्ता धरला. पारावरच्या म्हाताऱ्यांना गडाची लढाई माहीत होती, तहाचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. मला कुठे फलकही दिसला नाही. तो असायला हवा, मराठीत आणि ओडियात. अमरावती-अकोल्याच्या शाळांच्या सहली दर हिवाळ्यात चिखलदऱ्याला येतात आणि पंचबोलला ओरडून परत जातात. गुरुजींनी त्या मुलांना गाविलगडाच्या घळीशी उभं करावं, तहाचं चौथं कलम वाचून दाखवावं आणि गड परत का दिला, हे त्यांनाच विचारावं.