मुंबईत थंडी कुठे असते?

“मुंबईत थंडी कुठे असते, खाला?” माझ्या भाच्याचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा होता. युरोपातल्या बर्फासाठी केलेली सोय परळच्या गाडीत कशाला? ती काढून टाकली की इंजिन मोकळा श्वास घेईल, पिकअप वाढेल आणि गिऱ्हाईक खूश होईल.

गाडी होती स्कोडा लॉरा आरएस. २०११ साली भारतात आलेली, १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १६० पीएस ताकद. वेगाची हौस असणारे लोक ती आजही जुन्या बाजारात शोधून घेतात. तिच्या डॅशबोर्डवर चेक लाइट लागला होता. स्कॅनर लावला तर पी२०१५ हा कोड आला. म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधले फ्लॅप जिथे असायला हवेत तिथे नाहीत, असे कॉम्प्युटरचे म्हणणे. मालकाने कुणाकडून तरी ऐकले होते की हे फ्लॅप काढूनच टाकायचे असतात. भाच्याने काम घेतले आणि गाडी आमच्या चाळीच्या आवारात आणून उभी केली.

उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बाईचा इंजिनाशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध मॅन्युअलचा आहे. भाचा उर्दू माध्यमात शिकला, नंतर आयटीआय केले. हात सोन्याचा, पण इंग्रजीची लांबलचक वाक्ये समोर आली की तो पान उलटतो. म्हणून मोठे काम असले की ती पाने माझ्याकडे येतात. मी वाचते, अर्ध्या उर्दूत अर्ध्या मराठीत सांगते, तो ऐकतो आणि मध्येच म्हणतो, “बस, समजलं.” बीएडला मला सांगितले होते की शिकवता शिकवता शिक्षक शिकतो. तेव्हा हे वाक्य परीक्षेपुरतेच वाटले होते.

तर फ्लॅप म्हणजे काय? बाहेरची हवा फिल्टरमधून, टर्बोतून, थ्रॉटलमधून मॅनिफोल्डमध्ये येते आणि तिथून चार वाटांनी चार सिलिंडरकडे जाते. प्रत्येक वाटेत, व्हॉल्व्हच्या थोडे आधी, एक छोटी फिरती पट्टी असते. चारही पट्ट्या एकाच दांडीवर. मराठीत ‘झडप’ म्हणावे तर तो शब्द व्हॉल्व्हने आधीच घेतलेला. मी मनात ‘पडदी’ म्हणते. इंजिन थंड असताना किंवा सावकाश चालताना पडदी वाटेचा खालचा भाग बंद करते. मग हवा वरच्या अरुंद जागेतून जोरात आत घुसते आणि सिलिंडरमध्ये कोलांट्या घेते. या कोलांट्यांमुळे पेट्रोल हवेत नीट मिसळते आणि नीट जळते. पुढे फेरे वाढले, भार वाढला, की पडदी आडवी होऊन वाट पूर्ण मोकळी करते.

म्हणजे ज्या वेळी गाडीला पूर्ण ताकद हवी असते त्या वेळी पडदी आधीच बाजूला झालेली असते. उरतो तो दांडीचा आणि पट्टीच्या जाडीचा अडथळा. मोठा टर्बो बसवून शर्यतीत उतरणाऱ्याला तो सलत असेल. कंपनीच्याच टर्बोवर लालबागहून दादर टीटीपर्यंत सिग्नल मोजत जाणाऱ्याला त्याचा काय फरक पडणार? मी हे विचारले तेव्हा भाचा हसला. “खाला, लोक रात्री दोनला पुलावर चालवतात.”

आता थंडीचा मुद्दा. मॅन्युअलमध्ये ‘कोल्ड स्टार्ट’ असे लिहिलेले असते आणि आपल्या डोळ्यांपुढे काश्मीर उभे राहते. पण इंजिनाची थंडी आपल्या स्वेटरवर ठरत नाही. त्याला काम करायला साधारण नव्वद अंश लागतात. मुंबईत मे महिन्यातल्या सकाळी हवा अठ्ठावीस अंशांची असते, आपल्या अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असतात, आणि रात्रभर उभे असलेले इंजिन तेव्हाही साठ अंशांनी थंडच असते. सायलेन्सरच्या वाटेवर जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो, त्याला तर काम सुरू करायलाच अडीचशे-तीनशे अंश लागतात. तोवर इंजिनातून जे निघेल ते जवळजवळ तसेच बाहेर पडते.

आणि त्या पहिल्या मिनिटांत गाडी कुठे असते? हायवेवर नसते, सी लिंकवर नसते. ती चाळीच्या आवारात असते, खोल्यांच्या खिडक्यांखाली. मालक एसी लावून काच वर करून बसलेला असतो. पडदीचे काम त्याच्यासाठी जेवढे आहे, त्याहून जास्त खिडकीतल्या माणसासाठी आहे.

आमच्या तळमजल्यावर एक काका राहतात. गिरणीत कार्डिंग खात्यात होते, १९८२ च्या संपापर्यंत. कापसाचे बारीक तंतू ज्या खात्यात सगळ्यात जास्त उडत, ते हे खाते. संप गेला, गिरणी गेली, छातीतला कापूस राहिला. डॉक्टर त्याला इंग्रजी नाव देतात, काका ‘गिरणीचा खोकला’ म्हणतात. सकाळी त्यांची खाट खिडकीला लागून असते. गाड्या निघायच्या वेळी ते खिडकी लावून घेतात आणि तासाभराने उघडतात. त्यांनी कधी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. मी हे भाच्याला सांगितले तेव्हा तो गप्प झाला, कारण लहानपणी तो त्यांच्याच खाटेवर बसून टीव्ही पाहायचा.

पण त्याची बाजूही नीट मांडायला हवी. फ्लॅप काढणारे सगळे वेडे नाहीत. बीएमडब्ल्यूच्या एम४७ आणि एम५७ या डिझेल इंजिनांत हे फ्लॅप धातूचे होते. काही गाड्यांत ते तुटले, तुकडे सिलिंडरमध्ये गेले आणि पिस्टन-व्हॉल्व्हची वाट लागली. तिथे मालकांनी फ्लॅप काढून त्या जागी बंद झाकणे बसवली ती हौसेपोटी नव्हे, इंजिन वाचवायला. लॉराच्या मॅनिफोल्डमध्ये दांडी ढिली होते, सेन्सर चुकीचा आकडा देतो, आणि ऑपेरा हाउसच्या दुकानात नव्या मॅनिफोल्डची किंमत विचारली की माणूस आधी पाणी मागतो. काढून टाकणे स्वस्त पडते, ही गोष्ट खरी.

कायद्यावरही आमचे झाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत फेरफार करण्यावर बंधन आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे अधोरेखित केले. भाचा म्हणाला, आरसीमध्ये फ्लॅपची नोंद कुठे असते? नसते. आणि पीयूसीवाला गरम इंजिनाचा धूर तपासतो. सकाळच्या पहिल्या दोन मिनिटांचा धूर त्याच्या मशीनपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे हे काम केले तर पकडणारे कुणी नाही. मला तरी हा मुद्दा त्याच्या बाजूचा वाटला नाही.

शेवटी ठरले की आधी उघडून पाहू.

रविवारी सकाळी बॅटरीची तार काढली. पेट्रोलच्या लाइनमधला दाब उतरवला, कारण या इंजिनात पेट्रोल शंभर बारच्या पुढच्या दाबाने थेट सिलिंडरमध्ये मारले जाते. ती लाइन तशीच सोडली तर चेहरा भाजू शकतो. मॅनिफोल्ड इंजिनाच्या पुढच्या अंगाला असतो, पण त्याचे खालचे बोल्ट दिसत नाहीत, हाताने चाचपून काढावे लागतात. मी टॉर्च धरून उभी होते. ओढताना दोन इंजेक्टर मॅनिफोल्डबरोबर बाहेर आले. असे होऊ शकते हे पानावर वाचले होते, म्हणून नवे सील आधीच आणून ठेवले होते.

आत बघितले तर काजळीच काजळी. तव्याच्या बुडाला असते तशी, जाड, तेलकट. जुन्या पद्धतीच्या इंजिनांत पेट्रोल व्हॉल्व्हवरून जाते आणि त्याला धूत राहते. इथे ते थेट आत मारतात, त्यामुळे व्हॉल्व्हची पाठ कधीच धुतली जात नाही, आणि तेलाची वाफ तिथे साचून करपते. चारपैकी एकही पडदी तुटलेली नव्हती. दांडी हाताला घट्ट होती, ढिली नव्हती. दोन पडद्या काजळीत रुतून बसल्या होत्या आणि त्यांनी बाकीच्या दोघींनाही अडवून धरले होते. कोडचा अर्थ एवढाच होता.

भाचा बराच वेळ मांडी घालून बसला. मग म्हणाला, “खाला, हे तर नाक चोंदलंय. नाक कापायचं कशाला?”

दिवसभर सफाई चालली. ज्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद असतील तेच साफ करायचे, बाकीच्या भोकांत कापड कोंबायचे, नाहीतर खरवडलेली काजळी आत पडते. मोठ्या गॅरेजमध्ये अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबाने मारतात. आमच्याकडे क्लीनर, ब्रश आणि सबुरी. काकांनी खिडकीतून दोनदा चहा पाठवला आणि एकदा विचारले, “बाई, एवढी घाण त्या एकट्या गाडीने खाल्ली?” पडद्या साफ झाल्यावर दांडी बोटाने फिरायला लागली. नवे सील, नवे गॅस्केट, सगळे जागच्या जागी. संध्याकाळी गाडी एका दमात सुरू झाली, स्कॅनरने कोड पुसला आणि परळ-दादर दोन चकरा मारूनही तो परत आला नाही.

मालक आधी नाराज झाला. त्याला ‘फ्लॅप काढले’ असे मित्रांना सांगायचे होते. गाडी चालवून आला तेव्हा म्हणाला, “पिकअप वाढलाय.” वाढला नव्हता, होता तो परत आला होता, पण भाच्याने त्याला दुरुस्त केले नाही. पैसे मात्र त्याने सफाईचेच दिले, ठरलेल्यापेक्षा कमी. भाच्याने दोन दिवस मला त्या आकड्याची आठवण करून दिली.

पुढच्या रविवारी एक जुनी डिझेल बीएमडब्ल्यू येते आहे, एम५७ इंजिनाची. तिचे फ्लॅप धातूचे. मॅन्युअलची पाने भाच्याने कालच माझ्या टेबलावर आणून ठेवली, सहामाहीच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर.