पाळीपलीकडची बांधी

आम्ही चुलत-आते भावंडं एकत्र आलो की अर्जुनी मोरगावकडच्या घरापेक्षा घरामागच्या तलावावरच जास्त बोलतो. रात्री कंदील घेऊन काकाजी पाळीवर फेरी मारायचे, कोणी चोरून पाणी तर वळवत नाही ना, हे पाहायला. धान निसवायच्या वेळी पावसानं दडी मारली, की अर्धं गाव आमच्या ओसरीवर भांडायला हजर. वरच्या बांधीला आधी की खालच्या? मोठी आई चहा करून थकायची. पावसाळ्याआधी मात्र तेच भांडखोर पाळीवर माती टाकायला यायचे, घरटी एक माणूस. तलावाची खरी निगा त्या भांडणांनीच राखली, असं मला वाटतं; ज्याला पाण्यात वाटा असतो, तोच भांडतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो तलाव. पुष्कळसे कोहळी पाटलांनी बांधले. नवेगाव बांध त्यातलाच. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा होऊन ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव झाले. मालगुजार असलेल्या आमच्या आबाजींना दुःख मालगुजारी गेल्याचं होतं. आमच्या पिढीनं पाहिलं ते वेगळंच: पाळीवर बेशरमची झुडपं माजली, गाळ साचला, आणि पाळ खचली तर बोलवायचं कोणाला, हेच कोणाला कळेना.

आमच्या आठवणींत तलावावर मासेमारी करणारे ढिवर फक्त टोपलीतून मरळ घेऊन दारात येतात. कोणतं पाणगवत कोणत्या माशाला लागतं, तो अंडी कुठं घालतो, ही सगळी विद्या त्यांच्याकडे होती. आमच्या ओसरीवर ती कोणी विचारली नाही. पुढं कटला-रोहूचं बीज आलं, गावठी मासे घटले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ही विद्या ढिवरांकडूनच समजून घेतली. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तलावाच्या पोटात नांगर घालून, पाऊस लागल्यावर ढिवर बायांनी तिथं पाणवनस्पती लावल्या. काही तलावांत गावठी मासे परतले, पाखरंही.

शेवटचं पाणी धानाला द्यायचं की मासळीसाठी राखायचं, हा तंटा आमच्या गावात अजून मिटलेला नाही. आता बैठकीला ढिवर बायाही बसतात. आमच्या थोरल्या चुलतभावाची बांधी पार शेवटच्या टोकाला. तो दर मोसमात तावातावानं जातो आणि हरून येतो.