आठ महिन्यांनी आलेलं पीक

तुमच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा एसएमएस कोणता? 'हो' म्हणणाऱ्या कुणाचा तरी? की नोकरी पक्की झाल्याचा? माझा मीच पाठवला होता, रात्री पावणेअकराला, माझ्या गाईडना. 'सर, २.०५ ला पीक आलं!!!'

हसू नका. पीएच.डी. करणारी माणसं असल्याच गोष्टींवर जगतात.

२०१३ सालची गोष्ट. विद्यापीठातलं केमिस्ट्री डिपार्टमेंट, तुटपुंजी फेलोशिप आणि ओढणीला कायम सॉल्व्हंटचा वास. आठ महिने मी एकाच पायरीवर अडकले होते. माझ्या रेणूवर एक ओएच गट होता आणि त्याच्यावर मला अ‍ॅसिटाइल नावाची छोटीशी टोपी चढवायची होती. पुस्तकात दोन ओळींचं काम. पण आमचा ओएच बसला होता तीन बाजूंनी गर्दीत, साडेआठच्या विरार लोकलमध्ये मधोमध अडकलेल्या माणसासारखा. त्याच्यापर्यंत हातच पोचेना!

टोपी चढली की नाही, ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी मशीन लागतं. आमच्याकडचा हीरो म्हणजे ४०० मेगाहर्ट्झचा एनएमआर. माणसापेक्षा उंच, चकचकीत पिंपच म्हणा ना. आत सुपरकंडक्टिंग तारेचं वेटोळं, उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडालेलं, आणि त्याभोवती उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनचं पांघरूण. मधोमध ९.४ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र, पृथ्वीच्या क्षेत्राच्या दोन लाख पटींच्या आसपास. जवळ जायचं तर घड्याळ, मोबाईल, एटीएम कार्ड सगळं बाहेर. हॉस्पिटलातला एमआरआय याच्याच खानदानातला. तिथे माणूस आत जातो, इथे पेन्सिलीहून बारीक काचेची नळी.

हे मशीन सांगतं काय, तर तुमच्या रेणूतले हायड्रोजन कोणाच्या शेजारी राहतात. प्रत्येकाचा पत्ता पीपीएममध्ये. अ‍ॅसिटाइलवाल्यांचा पत्ता दोनच्या जवळपास. आणि त्या रात्री २.०५ ला एक सरळसोट पीक ताठ उभं होतं!

आता गंमत बघा. पीक हिशेबापेक्षा लहान होतं. तीन हायड्रोजनच्या जागी जेमतेम सव्वा. म्हटलं, चाळीस टक्के रिअ‍ॅक्शन झाली तर झाली, आठ महिन्यांच्या शून्यापेक्षा बरं. आयआर घेतला. १७४० च्या आसपास कार्बोनिलचा पट्टा, जो आधी नव्हता. ३४०० पाशी ओएचचं पसरट पोट अजून होतंच. बरोबर आहे, साठ टक्के उरलंय ना! बॅलन्सवर ठेवलं. टाकले होते १०५ मिलिग्रॅम, हातात आले ११८. टोपी चढली, वजन वाढणारच. टीएलसी प्लेटवर मात्र एकच ठिपका, तोही जुन्याच जागी. एकमेकांवर चढले असतील, झालं! आणि ४.१२ ला चार दातांचं एक आगंतुक पीक होतं, त्याच्यापुढे मी पेनाने लिहून टाकलं, 'कचरा'.

सगळ्यांना माझ्याकडे उत्तर तयार होतं. मग तो एसएमएस.

सरांचं उत्तर दोन मिनिटांत : 'एक्सलंट. शुक्रवारच्या रिव्ह्यूत टाकतो.' प्रोजेक्टचा हा रिव्ह्यू म्हणजे माझ्या फेलोशिपची मुदतवाढ. त्या रात्री हॉस्टेलवर मी सगळ्यांना मॅगी खिलवली.

सकाळी एनएमआरच्या खोलीत ऑपरेटर काका नायट्रोजन भरत होते. मी प्रिंट मिरवतच गेले. काकांनी चष्मा वर केला.

"कॉलम कशात केलास?"

"इथाइल अ‍ॅसिटेट, काका."

"आणि पंपवर किती वेळ होतं?"

"पंपवर... रोटावरून काढलं आणि थेट घेऊन आले."

काकांनी माझ्या 'कचरा'वर बोट ठेवलं. मग २.०५ वर. मग १.२६ वर, जिथे बाकीच्या गर्दीत मला काही वेगळं दिसलंच नव्हतं. "हे तिघं सख्खे भाऊ आहेत गं. एकत्रच फिरतात. रात्रभर पंपवर ठेव आणि उद्या परत आण."

माझ्या पोटात गोळा. इथाइल अ‍ॅसिटेट म्हणजे काही नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये असतं तेच. त्याच्यातही अ‍ॅसिटाइल असतंच की! पीक त्याचं, कार्बोनिलही त्याचा आणि वाढलेलं वजनसुद्धा त्याचंच. आठ महिन्यांनी मी प्रेमात पडले, ती सॉल्व्हंटच्या!

तरी आशा वाईट असते. रात्रभर व्हॅक्युम पंप घरघरत राहिला. सकाळी वजन केलं : १०३. नवीन स्पेक्ट्रममध्ये २.०५ ला सपाट रेघ.

माझी लॅबमेट म्हणाली, "अगं, परवाचा प्रिंट आहे ना? तोच असू दे. शुक्रवार निघू दे, मग बघू."

खरं सांगते, दहा मिनिटं मी विचार केला. कारण तो प्रिंट काही बनावट नव्हता. मशीनने नळीत जे होतं तेच दाखवलं होतं, अगदी प्रामाणिकपणे. मुकाट्याने रिपोर्टला जोडला असता तर कुणी विचारलंही नसतं. पण 'कचरा' हा शब्द माझ्याच अक्षरात होता. तो वाचल्यावर मला कसंतरीच व्हायला लागलं.

दोन्ही प्रिंट घेऊन सरांकडे गेले. त्यांनी ते शेजारी शेजारी ठेवले, बराच वेळ बघत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "शुक्रवारची ती ओळ काढतो," एवढंच म्हणाले. मी दारापाशी पोचल्यावर हाक आली, "पुढच्या वेळी वजन स्थिर होईपर्यंत थांब. एसएमएस नंतर."

मुदतवाढ मिळाली नाही. पुढचं वर्ष मी बारावीच्या मुलांच्या ट्यूशन घेऊन काढलं. टोपी शेवटपर्यंत चढली नाही, दुसऱ्याच रस्त्याने वळसा घालून थिसिस पूर्ण केला. आईला अजून वाटतं की त्या दिवशी जरा गप्प बसले असते तर बरं झालं असतं. मलाही महिन्याच्या शेवटी तसं वाटायचं.

आता मी हिंजवडीत एका कंपनीत डेटा बघते. लॅब सुटली, सवय सुटली नाही. गेल्या महिन्यात आमच्या अ‍ॅपचा ग्राफ एकदम वर गेला. टीम खूश, बॉस खूश, केकची ऑर्डर गेली. टीएलसीचा ठिपका मात्र जागचा हलला नव्हता, म्हणजे पैसे भरणारे ग्राहक तेवढेच होते. मग शोधलं, तर टेस्टिंगची आमचीच अकाउंट्स मोजली गेली होती.

मूड ऑफ करणारी म्हणून ऑफिसात माझी ख्याती आहे. चालायचंच. पण हल्ली मोठा आकडा आला की बॉस स्वतःच माझ्या डेस्कपाशी येतो आणि हळूच विचारतो, "मेल टाकू? की रात्रभर पंपवर ठेवायचं?"