संगणकाचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द उच्चारताच आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे शिखर, दीपमाळ, सभामंडपाचे वासे आणि वर्गणीची पावतीपुस्तके उभी राहतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या देवस्थानात जो जीर्णोद्धार झाला, त्यास ना वर्गणी लागली ना गवंडी, आणि बहुसंख्य महाजनांस तो झाल्याची वार्ताही नाही. तो झाला कचेरीतल्या संगणकाचा. नेमके सांगावयाचे तर त्याच्या पोटातल्या हार्ड डिस्कचा.

हा संगणक २००९ सालचा. तो मोडीत काढून नवा का आणला नाही, असे तरुण मंडळी विचारतात. कुळाव्यांचे पत्ते आणि शाश्वत पूजांची यादी ज्या प्रणालीत आहे, ती रचणारा गृहस्थ कधीच परदेशी गेला, आणि तिची अक्षरे युनिकोडपूर्व वळणाची. नव्या यंत्रावर ती उघडावी तर मार्गशीर्षाच्या जागी चिन्हांची रांगोळी उमटते. म्हणून ते जुने यंत्र आम्ही जपत आलो. त्यातल्या विंडोज ७ ची निगा तिच्या कर्त्यांनी जानेवारी २०२० मध्ये थांबवली, तेव्हापासून त्यास इंटरनेटचा वाराही लागू दिलेला नाही.

शाश्वत पूजा म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगणे नको. कोणा पूर्वजाने ठेव ठेवावी, तिच्या व्याजातून दरवर्षी ठरल्या तिथीस पूजा घडावी, आणि प्रसाद टपालाने बेळगावी, वडोदऱ्यास, ग्वाल्हेरीस पोचावा. ठेवणारा केव्हाच गेलेला असतो. त्याचे नातू विचारावयास येत नाहीत, कारण देवस्थान विसरणार नाही हा भरवसा घरात वारसाने चालत आलेला असतो. असा भरवसा ज्या पेटीत ठेवला, ती पेटी आषाढात टक् टक् करू लागली.

मुंबईच्या एका उदार महाजनांस हे कळले, आणि त्यांनी आठवड्याच्या आत तीन टेराबाइटची नवीकोरी डिस्क धाडून दिली. ती जोडली तर जुन्या संगणकाने तिची मोजदाद केली ७४६ गिगाबाइट! मुखत्यारांस वाटले, दुकानदाराने फसवले. वस्तुतः दोष कोणाचाच नव्हता. डिस्कवरील जागा ५१२ बाइटांच्या खंडांनी मोजतात, आणि जुनी व्यवस्था खंडाचा क्रमांक ३२ द्विमान अंकांतच लिहू शकते. तेवढ्या अंकांत २ लाख १९ हजार ९०२ कोटी बाइटांच्या पलीकडचे काही लिहिताच येत नाही. मोजणारा पुन्हा शून्यावर येतो आणि उरलेलेच सांगतो. तीन टेराबाइटमधून ती मर्यादा वजा करा, बरोबर ७४६ उरतात. मोठ्या डिस्कवरून संगणक सुरू करण्यास यूईएफआय नावाची नवी सुरुवात लागते, आणि ती आमच्या यंत्रात नाही. ती देणगी मग उत्सवांच्या छायाचित्रांसाठी दुसऱ्या यंत्रात ठेवली, आणि जुन्यासाठी ५०० गिगाबाइटची, फिरती तबकडी नसलेली, सॉलिड स्टेट डिस्क आणली. बंदराची जुनी गती ३ गिगाबिट, नव्या डिस्कची ६. तरी सुदैवाने नवी जुन्याच्या चालीने चालावयास तयार असते. माणसांत हा गुण विरळा.

येथे खजिनदारांनी नवी शंका काढली. पाचशे लिहिलेल्या डिस्कवर संगणक ४६५ दाखवतो, मग ३५ गेले कोठे? करणारा हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीने, एवढाच तो घोटाळा. आमच्या आजोबांच्या काळी भाताची मापेही गावागणिक वेगळी असत. खजिनदारांचे घराणे जमीनदारांचे, त्यांस हे चटकन पटले.

काम करावयास आला तो आमच्याच एका महाजनांचा मुलगा, पणजीस संगणकाचीच नोकरी करणारा. जुनी डिस्क सोडवून तिची तपासणी करण्याचा आग्रह मंडळींनी धरला, तो त्याने साफ मोडून काढला. मरणोन्मुख डिस्कला जितके फिरवावे तितकी ती लवकर जाते, म्हणून आधी नक्कल, मग चिकित्सा. पाठीमागे उभे असलेले भटमाम यावर प्रसन्न झाले. जीर्णोद्धाराच्या वेळी देवाच्या कला आधी जलकुंभात आकर्षून घ्यावयाच्या आणि मगच मूर्तीस हात लावावयाचा, हा विधी त्यांनी स्वतः केलेला. ते म्हणाले, "पुता, आदीं नवो कळस भर, मागीर पोरन्याक हात लाय." पोराने मान डोलावली आणि डीडीरेस्क्यू नावाची प्रणाली चालू केली. ही प्रणाली अडलेल्या खंडापाशी हट्ट धरून बसत नाही. सुखरूप भाग आधी उचलते आणि अडलेल्यांकडे शेवटी पुनःपुन्हा वळते. ३२० गिगाबाइटच्या डिस्कवर ६२ कोटी ५१ लाखांवर खंड. दोन रात्री ते काम चालले. शेवटी ४१ खंड उमटले नाहीत ते नाहीतच.

(१९५६ साली आयबीएमने जी पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिच्यात ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या वर, आणि सामावत होती जेमतेम ५० लाख अक्षरे. पोराने नवी डिस्क खिशातून काढली तेव्हा आम्हांस हे आठवले.)

नवी डिस्क बसवून कळ दाबली तर निळा पडदा, आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू. असे पाच वेळा. खोलीत कोणी बोलेना. नक्कलच फसली, असे सर्वांच्या मनात आले. पोराची नजर मात्र कोपऱ्यातल्या दिनांकावर गेली: १ जानेवारी २००९. यंत्राच्या फलकावर रुपयाएवढी तीन व्होल्टची एक बॅटरी असते. वीज नसताना घड्याळ आणि बारीकसारीक व्यवस्था तीच स्मरणात ठेवते. ती केव्हाच संपली होती, आणि दोन दिवस दोरी काढून ठेवल्यामुळे यंत्र सारे विसरले होते. डिस्कशी बोलण्याची जी एएचसीआय पद्धती त्यात ठरवलेली होती, तिच्या जागी आयडीई ही अधिक जुनी पद्धती आली होती. बाजारातून बॅटरी आणली, पद्धती पूर्ववत केली, आणि विंडोज मुकाट्याने उघडली. नव्या डिस्कवर आळ आला होता तो असा टळला.

राहिले ते ४१ खंड. बहुतेक रिकाम्या जागेत पडले होते. परंतु काही शाश्वत पूजांच्या यादीत, मार्गशीर्ष आणि पौष यांच्या सांध्यावर. बारा नावे नाहीशी झाली होती. आमच्या निवृत्त कारकुनांनी हाताने लिहिलेली वही कपाटात होती. संगणक आल्यावरही ती त्यांनी फेकू दिली नव्हती, यावरून त्यांची पुष्कळ थट्टा झालेली आम्ही ऐकली आहे. तिच्यातून अकरा नावे मिळाली. बाराव्या नावाचा कोपरा वाळवीने खाल्ला होता. उरले होते ते आडनाव, ग्वाल्हेर, आणि 'कृष्ण ७'. महिना कोणता, हे वाळवीस ठाऊक.

आम्ही पत्र लिहिले. हे घराणे शिंद्यांच्या चाकरीनिमित्त उत्तरेस गेलेले, तेथेच रुजलेले. उत्तर तातडीने आले: पूजा पणजीच्या नावाची, तिथी पौष कृष्ण सप्तमी. चिटणीस तसे नोंदवू लागले, तोच भटमामांनी त्यांचा हात धरला. आपला महिना अमावास्येस संपतो, तिकडचा पौर्णिमेस. त्यांचा पौष कृष्ण तोच आपला मार्गशीर्ष कृष्ण. पत्र लिहिणाऱ्याने तिथी कोणत्या पंचांगातून उतरवली? चूक झाली तर पूजा महिनाभर उशिरा, आणि तीही दरवर्षी.

दूरध्वनी केला. पत्र लिहिणाऱ्या मुलास काही सांगता येईना. त्याने यंत्र आईच्या हाती दिले. त्या बाई म्हणाल्या, "प्रसादाची पाकिटे मी टाकत नाही, थांबा." पाच मिनिटांनी त्यांनी एकेका पाकिटावरचा टपालाचा शिक्का वाचून दाखवला. तिन्ही शिक्के डिसेंबरचे. आपली पौष कृष्ण सप्तमी डिसेंबरात कधी येत नाही. चिटणीसांनी मार्गशीर्ष लिहिले, नव्या डिस्कवर आणि वहीतही, आणि वहीच्या त्या पानास भटमामांनी कडुलिंबाचा पाला लावून ठेवला.